एका बाजूची धार

डुकरांनी खालच्या तुकड्यातला मका आडवा केला, त्याच सकाळी मेहुणा सुरी मागायला आला.

मी आणि मुलगा उजाडल्यापासून मोडकी ताटं कापून बांधावर ओढत होतो. रानडुक्कर खातं थोडं आणि लोळतं जास्त. कणसं दाताखाली धरून चघळलेली, थुंकलेली. माती अशी उकरलेली की नांगरसुद्धा इतका खोल जात नाही. पावलं ओली होती, म्हणजे कळप आम्ही यायच्या थोडाच आधी गेला होता.

मेहुण्याला सगळे फौजदार म्हणतात. पोलिसात तो कधीच नव्हता. पण चार माणसं विहिरीतला गाळ काढत असली की हा काठावर उभा राहून कुणी कुठं उभं राहायचं ते सांगतो, म्हणून फौजदार. माझ्या बायकोपेक्षा तीन वर्षांनी धाकटा. बायकोला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत हा पहिल्यांदाच आमच्या बांधावर आला.

"मका गेला का, दाजी?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय. एकदा चव लागली की डुकरं हटत नाहीत. परवा जाळी लावू, मी माणसं गोळा करतो." मग मक्याकडे पुन्हा न बघता म्हणाला, "आणि बाबांची सुरी द्या."

"कुठली सुरी?"

"सोलायची. ताईकडे असायची ती."

"ती माझी आहे."

"तुमची? कुठल्या दुकानातून घेतली?"

मुलगा कोयता टेकवून उभा राहिला. "मामा, हे आत्ता बोलायचं आहे का?"

"तू गप रे. मोठ्यांचं चाललंय."

मुलगा चौतीस वर्षांचा आहे.

"बाबांनी ताईला दिली होती," फौजदार म्हणाला. "तुम्हाला नाही. ताई गेली. वस्तू माघारी यायला पाहिजे."

"तिच्या चपलाही आहेत दाराशी. त्याही घेऊन जा."

"चपला मला होत नाहीत."

मी कोयता उचलला तो ताटं कापायलाच, पण तो दोन पावलं मागं सरला. मला बरं वाटलं.

सुरी वीतभर पात्याची. मूठ शिंगाची, वरून चामड्याची वादी गुंडाळलेली. वादी दर दोन-तीन वर्षांनी बायको बदलायची. म्यानही तिनंच शिवलेलं. आमच्याकडे डुक्कर मारलं की चार घरांत वाटलं जायचं. मारायचो आम्ही माणसं, भाल्यानं. सोलायची ती. मी फक्त पाय धरायचो. "पाय ताणा," ती म्हणायची. कातडं ताठ असलं की पातं मांस आणि कातडं यांच्या मधून सरकतं. सैल पडलं की आत शिरतं, आणि पोटावर आत शिरलं की आतडं फुटतं. मग मांसाला घाण लागते, कुत्र्यांशिवाय कुणी खात नाही. तिच्या हातून चाळीस वर्षांत एकदाही फुटलं नाही.

तरी लोक त्या सुरीला माझी सुरी म्हणायचे. "दाजींची सुरी आणा." तीच आणून द्यायची. मीही कधी म्हटलं नाही की माझी नाही. एकदा तरण्या वयात मी त्या सुरीनं दोरखंड कापला, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुन्हा मी हात लावला नाही.

शेवटच्या महिन्यात तिला उठता येत नव्हतं. एक दिवस म्हणाली, सुरी द्या. दिली. तिनं अंगठ्यानं धार बघितली आणि म्हणाली, "बोथट झाली. दगड आणा." तिच्या हातात तांब्या राहत नव्हता. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध नव्हती.

तेव्हापासून सुरीला कुणी दगड लावला नव्हता. धार होती तेवढी तिची होती.

घरी आल्यावर सुनेनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "देऊन टाका ना ती सुरी. कशाला वैर वाढवायचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मुलानं. मामा दारावरून गेले तेही ओरडत गेले. सगळ्या गल्लीला माहीत झालंय." तिनं पाण्याचा पेला आपटून ठेवला. "आई गेल्यापासून तुम्ही माणसांशी धड बोलत नाही. ती सुरी तेवढी पुसत बसता. मी चार वेळा विचारलं, भाजीला मीठ बरोबर आहे का. काही उत्तर नाही."

"बरोबर आहे."

"आज मी विचारलंच नाही."

तिसऱ्या दिवशी जाळी लावली. ओढ्याच्या तोंडाशी दोन, वर एक. कुत्र्यांनी कळप खाली आणला. दुपारपर्यंत एक नर जाळ्यात अडकला, चांगला दांडगा, सुळे बोटभर बाहेर. दोघांनी भाले टेकवले, तो पडला. पाण्याच्या कडेला हिरव्या फांद्या पसरून त्यावर घेतला. सगळे घाम पुसत उभे. मग एकमेकांकडे बघायला लागले. आता सोलणार कोण, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"दाजी सोलतील की," फौजदार म्हणाला. "त्यांचीच सुरी आहे."

मी कमरेची सुरी काढली. चाळीस वर्षं बघत होतो, मला वाटलं बघून येत असेल. मागच्या पायांना चिरा दिल्या, त्या ठीक झाल्या. पोटावर आलो तसं पातं माझं ऐकेना. मी सरळ नेतोय, ते आत वळतंय. मला वाटलं बोथट आहे म्हणून होतंय. म्हणून जोर लावला.

आतडं फुटल्याचा आवाज होतो. पिकलं फळ दगडावर पडावं तसा. मग वास आला.

सगळ्यांनी नाकाला हात लावले. पहिला फौजदारच हसला.

"चाळीस वर्षं बायकोच्या हातानं शिकार केली," तो म्हणाला, "आज कळलं सगळ्यांना."

एकजण म्हणाला, "अर्धं टाकावं लागणार."

"अर्धं? पुढच्या पायापर्यंत गेलंय. माझा वाटा गेला."

"कुत्र्यांची चैन आहे."

मी कोपरापर्यंत घाणीत होतो. सुरी दगडावर ठेवली आणि प्रवाहात उतरलो. वाळू घेऊन हात घासले, पुन्हा घासले. वास जाईना. मागं मुलगा माझ्याकडे न बघता उरलेलं मांस काढत होता, कोयत्यानं, जमेल तसं.

वर आलो तर दगडावर सुरी नव्हती.

"मामा घेऊन गेले," मुलगा म्हणाला. "म्हणाले, लोहाराकडे नेऊन धार लावतो. मग बघू कुणाची ते."

"आणि तू बघत राहिलास?"

"बाबा, माझे हात बघा." त्याचे हात रक्तानं भरले होते. "मी काय करायला पाहिजे होतं? त्यांच्याशी मारामारी?"

मी ओल्या कपड्यांनी तसाच निघालो. अर्ध्या तासाची वाट आहे. मी पळालो नाही, माझे गुडघे पळण्यासारखे नाहीत, पण थांबलोही नाही. लोहाराच्या शेडमधून चाकाचा आवाज बाहेरच ऐकू आला. आत फौजदार कमरेवर हात ठेवून उभा होता आणि लोहार वाकून पातं फिरत्या चाकाला लावत होता. ठिणग्या पडत होत्या. मी भिंतीकडची वायर ओढली. चाक कुरकुरत थांबलं.

"काय चाललंय?" लोहार म्हणाला. "हात गेला असता माझा!"

"सुरी खाली ठेव."

"मी सांगतच होतो याला," लोहार म्हणाला. तो म्हातारा आहे, कुणाच्या भांडणात पडत नाही. त्यानं पातं उजेडात धरलं. "हे बघा. धार फक्त डाव्या अंगानं लावलीय. उजवं अंग सपाट. ही डावखुऱ्याची सुरी आहे. उजव्या हातात धरली की आत वळणारच. मी म्हटलं, दोन्ही अंगांनी लावली की हिची चाल बदलेल. हा म्हणतो, लाव."

टोकाकडे बोटभर जागा उजव्या अंगानं चकचकीत झाली होती. चाकानं तिथली पोलादाची निळसर झाक खाऊन टाकली होती. बाकीच्या पात्यावर तिच्या दगडाचे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेनं.

बायको डावखुरी होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. डाव्या हातानं झाडायची, डाव्या हातानं सुई धरायची. पण सुरी हातासाठी घासलेली असते हे मला माहीत नव्हतं. पाय धरणाऱ्याला तेवढं दिसत नाही.

"तुझा बाप पण डावखुरा होता," लोहार फौजदाराला म्हणाला. "माझ्या बापाकडे यायचा. चाकाला लावू द्यायचा नाही. म्हणायचा, पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं. स्वतः दगडावर घासत बसायचा."

फौजदारानं कमरेवरचे हात काढले. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"लहानपणी हात लावला म्हणून मार खाल्लाय मी या सुरीपायी," तो म्हणाला. "पट्ट्यानं. ताईला दिली, मला नाही. मला वाटायचं..." तो थांबला. "थेरड्यानं सांगायचं तरी."

मी सुरी लोहाराच्या हातातून घेतली. त्यावेळी दोन शब्द बोलायला हवे होते. मी म्हटलं, "बघितलंस काय केलंस ते?"

लगेच त्याचं तोंड पहिल्यासारखं झालं. "मी केलं? मघाशी आतडं कुणी फोडलं? डावखुऱ्याची असेल तर तुमच्या काय कामाची?"

"तुझ्या तरी काय कामाची?"

"माझ्या बापाची आहे. खुंटीला लावीन."

"मी हिनं सोलीन."

"कुठल्या हातानं?"

"ज्या हाताची आहे, त्या."

फौजदार हसला. लोहारसुद्धा हसला.

"ठरलं," फौजदार म्हणाला. "पुढचं डुक्कर तुम्ही सोलायचं. सगळ्यांसमोर. आतडं फुटलं तर तिथंच सुरी माझ्या हातात द्यायची. लोहार साक्षीला."

"आणि नाही फुटलं तर माझ्या दारात पुन्हा सुरीचं नाव काढायचं नाही."

"फुटेल," तो म्हणाला.

पहिले चार दिवस मी नुसता दगड घेऊन बसलो. दगड तिचाच, मधे खोलगट झालेला. सुरी डाव्या हातात धरली की दुसऱ्याच कुणाचा तरी हात खांद्याला लावल्यासारखं वाटायचं. मूठ मात्र बरोबर बसत होती. वादीखाली शिंगाला एक खळगा होता, अंगठ्याएवढा. उजव्या हातानं धरली तेव्हा त्याची कड तळव्याला टोचली होती. डावा अंगठा सरळ त्यात गेला. दोन माणसांनी इतकी वर्षं तिथंच अंगठा ठेवला होता.

लोहारानं खराब केलेला भाग काही सरळ होईना. पूर्ण काढायचा तर पातं बोटभर कमी झालं असतं आणि सगळी धार माझी झाली असती. तो तसाच ठेवला. बाकी पात्याला डाव्या अंगानं, तिच्याच ओरखड्यांच्या दिशेनं, थोडा थोडा दगड लावला.

मग सुनेकडे गेलो. "भोपळा दे."

"कशाला?"

"सोलायला."

"तुम्ही?" तरी दिला. मी ओट्यावर बसून डाव्या हातानं सोलला. सालीबरोबर अर्धा गर गेला. तिनं साली उचलून बघितल्या आणि म्हणाली, "आज सालीची भाजी आणि भोपळा गुरांना."

दुसऱ्या दिवशी न मागता दोन भोपळे ठेवले होते.

दाढीही डाव्या हातानं करायला लागलो. गालाला तीन ठिकाणी चिरा पडल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, डुकराच्या आधी तुम्हीच सोलून निघाल." बऱ्याच दिवसांनी तो माझ्यासमोर हसला.

पण भोपळ्याला आतडं नसतं. म्हणून खाटकाकडे गेलो. त्याला म्हटलं, बकरी सोलू दे, फुकट. तो पहाटे दुकान उघडायचा, त्याच्या आधी मी पायरीवर असायचो. अकरा दिवस गेलो. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण तोंडाचा फटकळ.

"म्हातारबा, कातडं आहे हे. एवढी भोकं पाडलीत की चाळणी म्हणून खपवावं लागेल."

"मनगट वळवू नका. कोपर हलवा. कोपर! बायकोनं काही शिकवलं नाही का?"

"पाय धरायला शिकवलं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर बायकोचं नाव काढलं नाही, बाकी शिव्या चालूच होत्या. आठव्या दिवशी एक कातडं बिनभोकाचं निघालं. तो म्हणाला, "चुकून झालं असेल." नवव्या दिवशी पुन्हा निघालं. एवढंच लक्षात आलं की टोक वापरायचं नाही. टोकाकडची लोहारानं लावलेली धार अजून आत वळत होती. मधल्या पात्यानंच काम करायचं, आणि कातडं ताठ पाहिजे.

तीन आठवड्यांनी डुकरं परत आली. या वेळी वरच्या तुकड्यात. जाळ्यात मादी सापडली, आधीच्या नरापेक्षा लहान. पण कातडं पातळ, म्हणजे काम जास्त अवघड. माणसं आधीपेक्षा दुप्पट होती. लोहार शेड बंद करून आला होता. खाटीकही आला होता, माझ्याकडे न बघता झाडाला टेकून उभा.

"पुढचे पाय मी धरतो," मुलगा म्हणाला. मागचे पाय एका शेजाऱ्यानं धरले.

मी डाव्या हातात सुरी घेतली तसे लोक कुजबुजले. एकजण म्हणाला, "दाजी, डाव्यानं जेवताही का आता?" मी ऐकून घेतलं. चिरा दिल्या. मांड्यांवरून आलो. हळू. फार हळू. ऊन डोक्यावर आलं, माशा जमल्या, गुडघ्यांना दगड टोचायला लागले. मनगट दुखून बधिर झालं. कोपर हलवा, कोपर, असं मनात म्हणत राहिलो.

"रात्र करतील," कुणीतरी म्हणालं. "कंदील आणा."

लोकांना कंटाळा आला. कुणी बसलं, कुणी पाणी प्यायला गेलं. पोटाच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या बाजूचं कातडं एकदम सैल पडलं. मागचे पाय धरणारा शेजारी बोलण्यात रंगला होता, एका हातानं पाय धरून दुसऱ्या हातानं कुणाला तरी बांध दाखवत होता. पातं आत झुकायला लागलं. मी हात रोखला. पात्याच्या खाली आतड्याचा फुगवटा पातळ पडद्याआडून हलताना दिसत होता. मागं घेता येईना, पुढं नेता येईना.

"पाय ताणा," मी म्हटलं. शेजाऱ्यानं ऐकलं नाही.

समोर फौजदार उभा होता. त्याला सगळं दिसत होतं. दोन श्वास तो नुसता उभा राहिला असता तरी सुरी त्याची होती.

तो पुढं आला, शेजाऱ्याला खांद्यानं बाजूला ढकललं आणि दोन्ही हातांनी पाय मागं ओढला. कातडं ताठ झालं. सुरी वर आली आणि सरकली.

"बघताय काय?" तो म्हणाला. "कापा."

"धर नीट."

"धरलंय."

"वर. थोडं वर."

"मला शिकवू नका. ताई सोलायची तेव्हा मी बघितलंय."

"मग तसंच धर."

फासळ्यांपर्यंत तो ताणत राहिला आणि मी सोलत राहिलो. त्याच्या हातांच्या शिरा टरारल्या होत्या. कातडं सबंध निघालं. आतडं आतच राहिलं, ओलं, अख्खं. खाटीक झाडापासून उठला, जवळ येऊन वाकून बघितलं आणि परत गेला.

फौजदारानं पाय सोडला. हात फांद्यांना पुसले.

"ताई याच्या अर्ध्या वेळात करायची," तो म्हणाला.

"हो."

"माझा वाटा नीट काढा. मागच्या वेळचा कुत्र्यांनी खाल्ला."

"काढतो."

मांडीचा तुकडा घेऊन तो निघून गेला. मागं वळून बघितलं नाही, मीही हाक मारली नाही. तेव्हापासून तो माझ्या दारात सुरीचं नाव काढत नाही. तसा दारात येतही नाही.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. सून दाराशी उभी होती, मुलानं पुढं येऊन तिला सांगितलं असावं. मी ओट्यावर बसलो, म्यानातून सुरी काढली आणि डाव्या अंगठ्यानं धार बघितली. बोथट झाली होती.

"आधी हातपाय धुवा," सून म्हणाली. "अंगाला वास येतोय. दगड काय, उद्याही लावता येईल."

"नाही," मी म्हटलं. "आजच. दगड आण."